कंपनीचं चॅट-फाइल-मीटिंग प्लॅटफॉर्म कसं बसवायचं आणि रोज कसं चालवायचं

सॉफ्टवेअरची नावं काढायच्या आधी एक कागद घ्या आणि आत्ता कंपनीत कामाचं बोलणं कुठं कुठं चालतंय ते लिहून काढा. कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी असो, गोकुळ शिरगाव असो नाहीतर कागलची पंचतारांकित एमआयडीसी असो, आपल्याकडं मध्यम कंपनीत बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं, कस्टमरशी मेलवर, आतल्या आत व्हॉट्सॲपवर, फाइली एका जुन्या सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये नाहीतर कुणाच्यातरी पेन ड्राइव्हवर, आणि मीटिंग ज्याच्याकडं अकाउंट असेल त्याच्या लिंकवर. डिस्पॅचचा ग्रुप वेगळा, रिजेक्शनचा वेगळा, मेंटेनन्सचा वेगळा, आणि एक मालकांचा ग्रुप असतोच ज्यात सगळे मॅनेजर असतात आणि पहिली शिफ्ट लागली की फोटो पडायला सुरुवात होते. हे सगळे ग्रुप लिहा, प्रत्येकाचा ॲडमिन कोण, कंपनी सोडून गेलेली किती माणसं अजून त्यात आहेत, त्यात कसल्या फाइली फिरतात, सगळं लिहा. हे काम कंटाळवाणं आहे पण पुढचं सगळं प्लॅनिंग याच कागदावर उभं राहतं, आणि मालकांसमोर बजेट मागायला गेलात की हाच कागद कामाला येतो, प्रॉडक्टचं चकचकीत प्रेझेंटेशन नाही.

व्हॉट्सॲपला नावं ठेवू नका. त्यावर काम भरभर होतं म्हणून लोकं वापरतात, यात त्यांची काही चूक नाही. पण कस्टमरनं ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली, नवीन फाइल मेलवर आली, आणि फौंड्रीच्या पॅटर्न शॉपवर (साचा ज्यावरनं पाडतात तो नमुना जिथं बनतो) एकाच्या फोनमध्ये अजून जुनीच उघडी आहे, त्यावरनं पॅटर्न दुरुस्त झाला, हीट (भट्टीतला वितळलेला धातू) ओतली गेली, तर तो माल सरळ स्क्रॅपला. शिवाय माणूस नोकरी सोडून शेजारच्या कंपनीत गेला तरी त्याच्या फोनमध्ये तुमच्या कस्टमरची ड्रॉइंग तशीच राहतात, ती काढून घ्यायचा कुठलाही मार्ग आयटीकडं नसतो. कस्टमरच्या ऑडिटला हा प्रश्न येतोच आता. तेव्हा प्लॅटफॉर्म कशासाठी, याचं उत्तर तुमच्या कंपनीपुरतं दोन ओळीत लिहून मालकांची सही घ्या, उदाहरणार्थ ड्रॉइंगची एकच चालू प्रत असावी, आणि माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा ॲक्सेस बंद व्हावा. सही एवढ्यासाठी की पुढं कुणी नवीन फीचर मागितलं, तर ते या दोन ओळींना धरून आहे का एवढंच बघायचं.

क्लाउड घ्यायचं का आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं

नावं सगळ्यांना माहिती आहेत, मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं टीम्स, गुगल वर्कस्पेस, झोहो, स्लॅक, आणि स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं असेल तर मॅटरमोस्ट, झूलिप, नेक्स्टक्लाउड. माझा सल्ला सरळ आहे, आयटीत दोन-तीन माणसं असतील आणि त्यातलाच एक ईआरपी (स्टॉक-उत्पादन-हिशोबाचं सॉफ्टवेअर), एक प्रिंटर-सीसीटीव्ही आणि एक बाकी सगळं बघत असेल, तर क्लाउडच घ्या. स्वतःच्या सर्व्हरवर लायसनचे पैसे वाचतात हे खरं, पण अपडेट कोण मारणार, लेट्स एन्क्रिप्टचं फुकटचं सुरक्षा सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांत संपतं त्याचं ऑटो-रिन्यू चाललंय का कोण बघणार, डेटाबेस आणि फाइलींचा बॅकअप एकाच वेळचा आहे का कोण तपासणार? मॅटरमोस्टचं घ्या, त्यात पोस्टग्रेस डेटाबेस वेगळा, अपलोड झालेल्या फाइली वेगळ्या आणि कॉन्फिग वेगळं, यातलं एक जरी राहिलं तरी रिस्टोअर अर्धवटच होणार. आणि सर्व्हर आपल्या रॅकमध्ये असला तरी मोबाइलवरची नोटिफिकेशन ॲपल आणि गुगलच्या सर्व्हरवरूनच येतात, म्हणजे "आमचं सगळं आतल्या आत आहे" हे तिथं पुरतं खरं राहत नाही. ज्यांच्याकडं लिनक्सचा पक्का माणूस आहे, किंवा कस्टमरनं लेखी अट घातली आहे की डेटा तुमच्याच जागेत ठेवा, त्यांनी जरूर स्वतःचं चालवावं, चांगलं चालतं.

क्लाउडमध्ये कुठला, याचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्या मेलमध्ये असतं. मेल मायक्रोसॉफ्टवर असेल तर टीम्स, गुगलवर असेल तर चॅट आणि मीट, झोहोवर असेल तर त्यांचं चॅट ॲप क्लिक. मेल एकीकडं आणि चॅट तिसरीकडं ठेवलं की प्रत्येक माणसाचं खातं दोनदा उघडायचं आणि दोनदा बंद करायचं, आणि दुसरं बंद करायचं नेमकं राहून जातं. फुकटच्या प्लॅनवर कंपनी चालवू नका. स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांच्या मागचे मेसेज दिसत नाहीत, आणि कस्टमरची तक्रार कधी सहा महिन्यांपूर्वीच्या लॉटबद्दल येते, तेव्हा काय दाखवणार?

लायसन मोजताना पगारपत्रक समोर घ्या. समजा २५० माणसं आहेत, त्यातली ६० टेबलावर बसणारी, बाकी शॉपवर. त्या ६० जणांना पूर्ण लायसन, शॉपवरच्यांना फ्रंटलाइन प्रकारचं, म्हणजे टेबलावर न बसणाऱ्यांसाठीचं कमी सोयींचं. मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटलाइन एफ३ प्लॅनमध्ये मेलबॉक्स २ जीबी आणि वनड्राइव्ह (माणसाची स्वतःची फाइलींची जागा) पण २ जीबी मिळतं, सुपरवायझरला तेवढं भरपूर होतं. बिझनेस बेसिक, स्टँडर्ड, प्रीमियम या प्रत्येक प्लॅनला ३०० माणसांची मर्यादा आहे, वाढणाऱ्या कंपनीनं ती लक्षात ठेवून करार करावा. शेअरपॉइंटची (सगळ्यांच्या सामायिक फाइलींची) जागा अख्ख्या कंपनीला १ टीबी आणि वर प्रत्येक पात्र लायसनमागं १० जीबी अशी मिळते, फ्रंटलाइनची लायसन त्यात धरत नाहीत. म्हणजे ६० लायसनवर साधारण १.६ टीबी. जुन्या फाइल सर्व्हरवर ४ टीबी पडलं असेल तर सगळं उचलून वर टाकायचा विचार आत्ताच सोडा.

नेटवर्क

टीम्सचा आवाज आणि व्हिडिओ यूडीपी (पोच न घेता भरभर पाठवायची पद्धत) ३४७८ ते ३४८१ या पोर्टवरनं, म्हणजे नेटवर्कच्या दारांवरनं, जातो, बाकी टीसीपी (प्रत्येक तुकड्याची पोच घेणारी पद्धत) ४४३ वरनं. फायरवॉलवाल्यानं यूडीपी बंद ठेवलं असेल तरी कॉल लागतो, पण टीसीपीवरनं लागतो आणि आवाज तुटतो, मग सगळे म्हणतात टीम्स बेकार आहे. आधी पोर्ट उघडा, या ट्रॅफिकला फायरवॉलच्या एसएसएल तपासणीतून (कूटबद्ध ट्रॅफिक उघडून बघणं) वगळा, आणि बाहेरची माणसं व्हीपीएनवर असतील तर मीटिंगचं ट्रॅफिक व्हीपीएनमधून न नेता सरळ इंटरनेटवर सोडा. स्विच चांगले असतील तर क्यूओएस लावा, म्हणजे आवाज-व्हिडिओला आधी वाट द्या, आवाजाला डीएससीपी खूण ४६ आणि व्हिडिओला ३४.

हिशोब सोपा आहे. एका व्हिडिओ कॉलला साधारण दीड एमबीपीएस धरा, एका वेळी १५ जण व्हिडिओवर असतील तर २२-२३ एमबीपीएस, आणि तेही अपलोडला पण तेवढंच. कनेक्शन घेताना डाउनलोडचा आकडा सगळे सांगतात, अपलोडचा तुम्ही विचारा. दोन लाइन घ्या आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, पण तेवढ्यानं भागत नाही, दोन्ही केबल एकाच खांबावरनं आणि एकाच चरीतनं येत असतील तर रस्त्याचं काम काढलं की दोन्ही एकदमच तुटणार. लाइनमनला बरोबर घेऊन गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन बघा केबल कुठनं येतीय, अर्धा तास लागतो. तिसरा आधार म्हणून एक ४जी किंवा ५जी राउटर, तो वायरलेस असल्यामुळं केबल तुटली तरी चालू राहतो.

रचना कशी करायची, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

नवीन प्लॅटफॉर्म आला की प्रत्येक मॅनेजरला आपला एक ग्रुप पाहिजे असतो. सगळ्यांना परवानगी मोकळी सोडली तर बघता बघता "टेस्ट", "टेस्ट २", "क्वालिटी नवीन", "क्वालिटी फायनल" असा ढीग पडतो आणि कुठली फाइल खरी हे शोधायला परत व्हॉट्सॲपवर विचारावं लागतं. आणि सगळंच कुलूप लावून ठेवलं तर लोकं गुपचूप जुन्या सवयीकडं जातात. मधला रस्ता असा, नवीन टीम (एका कामाच्या माणसांची चॅट-फाइलींची जागा) तयार करायचं बटण फक्त आयटीकडं, पण मागणी आली की त्याच दिवशी करून द्यायची. मागणीत तीनच प्रश्न, काम काय, ओनर कोण, आणि हे काम कधी संपणार. मायक्रोसॉफ्टमध्ये ग्रुप बनवायचा अधिकार ठराविक माणसांपुरता ठेवायला एन्ट्रा आयडी पी१ (खाती आणि अधिकार सांभाळायची सेवा) लायसन लागतं, ते बिझनेस प्रीमियममध्ये येतं, खालच्या प्लॅनमध्ये येत नाही, तेव्हा प्लॅन ठरवताना हे बघून घ्या.

ओनर म्हणजे काय ते पक्कं करा. ओनर म्हणजे त्या जागेत कोण असावं, कोण नसावं, कुठली फाइल चालू आणि कुठली जुनी, हे सांगणारा माणूस. तो आयटीचा नसतो. पॅटर्न शॉपच्या चॅनलचा (टीमच्या आतला विषयवार कप्पा) ओनर पॅटर्न शॉपचा इन्चार्ज, रिजेक्शनच्या चॅनलचा ओनर क्वालिटीचा माणूस. प्रत्येक जागेला दोन ओनर पाहिजेतच, कारण एक सुट्टीवर किंवा सोडून गेला की जागा बेवारशी होते, आणि बेवारशी जागेत सहा महिन्यांनी काय काय साठतं ते ज्यानं आवरलंय त्याला विचारा. हा एक नियम मोडू देऊ नका, बाकीच्यात थोडं इकडं तिकडं झालं तरी चालेल. दर तीन महिन्यांनी प्रत्येक ओनरला त्याच्या जागेतल्या माणसांची यादी पाठवायची, "यातलं कोण काढायचं सांगा" एवढंच विचारायचं, उत्तर आलं नाही तर त्याच्या टेबलाजवळ जाऊन बसायचं.

टीम खात्याप्रमाणं कमी आणि कामाप्रमाणं जास्त करा. मोठ्या कस्टमरसाठी एक टीम, त्यात ड्रॉइंग, सॅम्पल-पीपीएपी (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची कागदपत्रं), तक्रारी, डिस्पॅच असे चॅनल, म्हणजे त्या कस्टमरची सगळी माणसं, डिझाइनपासून चलन फाडणाऱ्यापर्यंत, एका जागी येतात. शिफ्ट हँडओव्हरचा एक चॅनल प्रत्येक प्लांटला, त्यात ठराविक नमुना, हीट नंबर, फर्नेसची स्थिती, अडकलेलं काम, पुढच्या शिफ्टनं काय बघायचं. रजिस्टरमध्ये लिहायचं ते बंद करू नका सुरुवातीला, दोन्ही चालू दे, सुपरवायझर स्वतःच म्हणेल आता रजिस्टर नको.

नावाचा नियम साधा ठेवा, प्लांट, खातं, विषय. नाव मराठीत दिसायला काही हरकत नाही, उलट शॉपवर बरं पडतं, फक्त मागचा ईमेल पत्ता इंग्रजी अक्षरांतच ठेवा. आणि मराठीचा विषय निघालाच तर, एचआरची परिपत्रकं, सुट्ट्यांच्या याद्या, सेफ्टीच्या सूचना बऱ्याच कंपन्यांत अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं साठलेली असतात, त्यामुळं प्लॅटफॉर्मवर "रजा" किंवा "बोनस" शोधलं तर ती फाइल सापडतच नाही, आणि मोबाइलवर तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो. नवीन सगळं युनिकोडमध्ये टाइप करायला शिकवा, एचआरच्या ताईंना एक दिवस बसून कीबोर्ड लावून द्या, जुन्यातलं जे अजून लागतं तेवढंच कन्व्हर्ट करा. याकडं सगळे दुर्लक्ष करतात आणि मग म्हणतात सर्च चालत नाही.

फाइली हलवणं

जुना सर्व्हर जसाच्या तसा वर ओतू नका. आधी तीन वाटण्या करा, चालू कामाचं, कायद्यानं किंवा कस्टमरच्या अटीनं ठेवायचं, आणि बाकी. चालू कामाचं तेवढं वर न्या, दुसरं एका जागी फक्त वाचण्यापुरतं ठेवा, तिसरं खातेप्रमुखाला दाखवून सोडून द्या.

काही गोष्टी वर जाऊच नयेत. टॅलीचा चालू डेटा सिंक होणाऱ्या (क्लाउडशी आपोआप जुळत राहणाऱ्या) फोल्डरमध्ये ठेवायचा नाही, कुठलाही चालू डेटाबेस ठेवायचा नाही, आउटलुकची पीएसटी (साठवलेल्या मेलची फाइल) पण नाही, या फाइली सतत उघड्या असतात आणि सिंक मधेच पकडली की खराब व्हायचा धोका असतो. कॅडच्या असेंब्लीचं पण जपून, एक असेंब्ली दहा पार्ट फाइलींना त्यांच्या पाथवरनं धरून असते, फोल्डर हलला की लिंक तुटतात, आणि दोघांनी एकदम उघडली तर कुणाची सेव्ह राहिली कळत नाही. डिझाइनरांची चालू कॅड फाइल सर्व्हरवर किंवा पीडीएममध्येच (कॅड फाइली सांभाळायचं सॉफ्टवेअर) राहू दे, मंजूर झालेली पीडीएफ मात्र प्लॅटफॉर्मवर, आणि शॉपवर फक्त तीच दिसली पाहिजे. सुरुवातीला सांगितलेल्या रिव्हिजनच्या भानगडीचं उत्तर हेच आहे.

शेअरपॉइंटमध्ये पूर्ण पाथ ४०० अक्षरांच्या आत लागतो, आणि नावात प्रश्नचिन्ह, तारा, कोलन, स्लॅश असलं चालत नाही. आपल्याकडं फोल्डरच्या आत फोल्डर आणि वर कस्टमरचं लांबलचक नाव, त्यामुळं हलवायच्या आधी स्क्रिप्ट चालवून लांब नावांची यादी काढा. वनड्राइव्हची सिंक ३ लाख फाइलींच्या वर गेली की रेंगाळते, तेव्हा अख्खी लायब्ररी कुणाच्याही लॅपटॉपवर सिंक करून देऊ नका.

तारीख निवडताना कॅलेंडर बघा. मार्च एंड नको, महिन्याचे शेवटचे दिवस नकोत, गणपती आणि दसरा-दिवाळीच्या डिस्पॅचची घाई नको, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या वेळी अर्धी लोकं रजेवर असतात तेव्हा पण नको. पावसाच्या तोंडावर तर अजिबात नको. जानेवारी-फेब्रुवारी चांगले. पहिल्यांदा एकच कस्टमरची टीम घ्या, जिथं काम तीन-चार खात्यांतून फिरतं, ती नीट चालली की दुसरी.

माणसं

ट्रेनिंग कॉन्फरन्स हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दोन तास दिलं तर फार काही राहत नाही डोक्यात. शॉपवर शिफ्ट बदलताना १५ मिनिटं, मराठीत, त्यांच्याच फोनवर किंवा तिथल्या पीसीवर, त्यांच्याच कामाचं उदाहरण घेऊन. तिसऱ्या शिफ्टलाही जा, रात्रपाळीला आयटीचा माणूस कधी येत नाही, तो आला की लोकं मनापासून ऐकतात. प्रत्येक लाइनवर एक असा माणूस असतो ज्याला सगळे विचारतात, बऱ्याचदा वयानं मोठा, सगळे मामा म्हणतात. आधी मामांना शिकवा, त्यांच्या शंका काढा, त्यांनी हो म्हटलं की पोरं आपोआप येतात. आणि मालकांना सांगा की साहेब, तुम्ही व्हॉट्सॲपवर रिपोर्ट मागितला की लोकं व्हॉट्सॲपवरच देणार. ज्या दिवशी साहेबांचा पहिला मेसेज नवीन जागेत पडतो त्या दिवसापासून प्लॅटफॉर्म चालायला लागतो, याला पर्याय मला तरी दिसलेला नाही.

कुणी म्हणतंच, "ड्रॉइंग व्हॉट्सॲपला टाकलंय बघा साहेब." तेव्हा रागवायचं नाही, "दादा, चॅनलला टाका, मी तिथनंच उघडतो" एवढं म्हणून थांबायचं, आणि खरंच तिथनंच उघडायचं.

सुरक्षा आणि खाती

एमएफए, म्हणजे पासवर्डच्या जोडीला आणखी एक ओळख, सगळ्यांना, मालकांसकट. शॉपवर जिथं फोन नेऊ देत नाहीत किंवा माणसाकडं स्मार्टफोन नाही तिथं हार्डवेअर सिक्युरिटी की द्या, खिशात राहते. कॉमन पीसीवर "शिफ्ट१" असं एकच खातं आठ जणांना देऊ नका, मेसेज कुणी टाकला हे कळत नाही आणि पासवर्ड भिंतीवर चिकटतो. ग्लोबल ॲडमिन (सगळे अधिकार असलेले) दोघं-तिघंच, त्यांची ॲडमिनची खाती रोजच्या मेलच्या खात्यापेक्षा वेगळी, आणि वर दोन आणीबाणीची खाती ज्यांच्या सिक्युरिटी की सीलबंद पाकिटात तिजोरीत, कारण एमएफएवाला फोन हरवला आणि दुसरा ॲडमिन गावाला असला तर आत शिरायचं कसं?

माणूस जातो त्या दिवसाचा क्रम लिहून ठेवा. एचआरकडनं निरोप, साइन-इन बंद, सगळीकडचे चालू सेशन तोडणं, फोनवरचा कंपनीचा डेटा पुसणं, मेलबॉक्स शेअर्ड करून वरिष्ठांना देणं, तो ५० जीबीच्या आत असेल तर त्याला लायसन लागत नाही. खातं लगेच डिलीट करू नका. मायक्रोसॉफ्टमध्ये डिलीट केलेलं खातं ३० दिवसांत परत आणता येतं, त्याचं वनड्राइव्ह सुद्धा मुळात ३० दिवसच राहतं, गुगलवर खातं परत आणायला २० दिवस मिळतात. त्या आत त्याच्या फाइली ओनरच्या ताब्यात गेल्या पाहिजेत. महिन्यातून एकदा पगारपत्रक आणि खात्यांची यादी शेजारी ठेवून ताळा करा, ठेकेदाराची माणसं पगारपत्रकात नसतात म्हणून त्यांची यादी ठेकेदाराकडनं वेगळी घ्या.

बाहेरची माणसं, म्हणजे पुण्याचे कस्टमर, उद्यमनगरातले जॉबवर्कवाले, यांना गेस्ट म्हणून घ्या, त्यांच्या कामाच्या एकाच टीममध्ये, मुदत घालून. "लिंक असेल तो उघडेल" हा पर्याय बंद करा, बंद करता येत नसेल तर लिंकला मुदत लावा.

सर्ट-इनचे (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ चे आदेश वाचून ठेवा. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि लॉग (कोण, कधी आत आलं, काय केलं याच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आहेत. तुमच्या प्लॅनमध्ये लॉग किती दिवस राहतात ते तपासा, कमी असतील तर दर आठवड्याला एक्सपोर्ट करा. कळवायचं कुणी, कुठल्या मेलवरनं, मसुदा काय, हे आधीच तयार पाहिजे, ६ तास फार पटकन जातात, त्यात रविवार असला तर बघायलाच नको.

बॅकअप

क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं नाही. शेअरपॉइंटच्या रिसायकल बिनमध्ये फाइल ९३ दिवस राहते, डिलीट झालेली टीम ३० दिवसांत परत येते, गुगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवसांत रिकामा होतो. चौथ्या महिन्यात कुणाच्या लक्षात आलं की फोल्डर गेलाय, तर मायक्रोसॉफ्ट-गुगलचा सपोर्ट पण काही करू शकणार नाही. वेगळा बॅकअप घ्या, वेगळ्या कंपनीच्या क्लाउडवर किंवा आपल्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी), आणि एनएएसचा पासवर्ड डोमेनच्या ॲडमिनचा नको, रॅन्समवेअर आलं की पहिलं तिथंच जातं. महिन्यातून एकदा एक फोल्डर आणि एक मेलबॉक्स खरोखर रिस्टोअर करून बघा, किती वेळ लागला ते लिहा, ज्याचं आहे त्याला उघडून दाखवा.

महापुराची तयारी

हे पुण्या-मुंबईच्या गाइडमध्ये मिळणार नाही म्हणून जरा सविस्तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी पुणे-बंगळूर हायवेवर आलं आणि हायवे बंद पडला. २०१९ ला तर कोल्हापूर शहरात पेट्रोलची टंचाई झाली, सबस्टेशन पाण्यात गेल्यानं कित्येक भागांत लाइट नव्हती. शिरोली नदीच्या पलीकडं आहे. आयटीचा माणूस शहरातल्या मंगळवार पेठेत राहतोय आणि सर्व्हर शिरोलीत, तर रस्ता बंद झाल्यावर तो पोचणारच नाही. गोकुळ शिरगाववाल्यांना शहरातून निदान दक्षिणेकडनं जाता येतं. तेव्हा पहिलं काम, आयटीतला आणि प्रत्येक खात्यातला कोण नदीच्या कुठल्या बाजूला राहतो ते लिहा, आणि दोन्ही बाजूला ॲडमिनचा अधिकार असलेला निदान एक माणूस ठेवा.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळे बघतातच, इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. तुमचा प्लॅन याच आकड्यांना बांधा म्हणजे कुणाला विचारत बसायला नको. ३९ ला: बॅकअप ताजा करून तो जिल्ह्याबाहेरच्या प्रतीत गेलाय याची खात्री, डिस्पॅच आणि अकाउंटच्या लोकांनी लॅपटॉप घरी न्यायचे, ४जी राउटरची सिम रिचार्ज आणि चालू, जनरेटरचं डिझेल भरून, कस्टमरच्या टीममध्ये "रस्ता बंद होऊ शकतो" असा मेसेज. ४३ ला: तळमजल्यावरचे यूपीएस आणि स्विच वर हलवायचे किंवा व्यवस्थित बंद करायचे, रोज सकाळी ठराविक वेळी ऑडिओ मीटिंग, व्हिडिओ बंद ठेवून, कारण आवाजाला १०० केबीपीएस पण लागत नाहीत आणि त्या दिवसांत मोबाइल नेटवर्कवर सगळं गाव असतं. कोण कुठं अडकलंय, कुणाच्या घरी पाणी आलंय, हे विचारायला एक वेगळा चॅनल ठेवा, त्या दिवसांत कामाच्या आधी तोच लागतो. मेमध्येच एकदा याची रंगीत तालीम घ्या.

आणि फोन नंबरांची छापील यादी. प्लॅटफॉर्मच बंद असेल तर "प्लॅटफॉर्म बंद आहे" हे प्लॅटफॉर्मवर सांगता येत नाही. खातेप्रमुखांचे नंबर, इंटरनेट कंपनीचा सर्किट आयडी, सपोर्टचा करार नंबर, एका पानावर, एक प्रत गेटवर सिक्युरिटीकडं, एक घरी. अशा वेळी जुना व्हॉट्सॲप ग्रुप एक चालू ठेवलेला बरा, फक्त सूचनेपुरता, त्यात फाइल टाकायची नाही.

रोजचं चालवणं

सकाळी दहा मिनिटं. सर्व्हिस हेल्थ, रात्रीचा बॅकअप, विचित्र देशातून आलेले लॉगिन, मेल बाहेर फॉरवर्ड करणारा नवीन रूल कुणी लावलाय का. हा शेवटचा नीट बघा, बिलातला बँक खाते नंबर बदलून पैसे उचलायचे प्रकार याच मार्गानं होतात, अकाउंटच्या मेलबॉक्सवर तर रोज बघा. बाहेर आपोआप फॉरवर्ड होणं बंदच ठेवलेलं चांगलं. आठवड्याला लायसन आणि जागा, महिन्याला खात्यांचा ताळा आणि रिस्टोअर, तिमाहीला ओनर आणि गेस्टच्या याद्या. सेटिंग बदललं की कुणी, कधी, का, एका ओळीत एका ठिकाणी लिहायचं. क्लाउडवाले स्वतःहून फीचर बदलत राहतात, त्यांच्या येणाऱ्या बदलांच्या सूचना दर सोमवारी वाचा, बटणाची जागा बदलणार असेल तर लोकांना आदल्या दिवशी स्क्रीनशॉट पाठवा, निम्मे फोन कमी होतात.

चालतंय का हे कशावरनं ओळखायचं तर मेसेज किती पडले यावरनं नाही. शॉपवर जा, कुठल्याही मशीनवर उघडी असलेली ड्रॉइंग बघा, तिची रिव्हिजन आणि चॅनलमधली रिव्हिजन एक आहे का. मागच्या महिन्यात गेलेल्या माणसाचं नाव शोधा, खातं कुठल्या दिवशी बंद झालं. आणि किती टीममध्ये दुसरा ओनर नाही ते मोजा. हे तीन आकडे दर महिन्याला मालकांना दाखवा.

जुना फाइल सर्व्हर शेवटी. सगळं हललं की त्याला फक्त वाचण्यापुरतं करा, एक पूर्ण आर्थिक वर्ष तसाच राहू दे म्हणजे ऑडिटरनं काही मागितलं तर अडत नाही. या काळात तो कोण उघडतंय त्याचा लॉग बघत राहा, जो अजून तिथं जातोय त्याच्याकडं जाऊन विचारा त्याला काय सापडत नाही. मग दोन डिस्कवर पूर्ण प्रत, एक नदीच्या या बाजूला आणि एक त्या बाजूला, आणि सर्व्हर बंद.